चित्राची भूमी

छायाचित्रे छापण्यासाठी जो जाड कलाकागद वापरतात, त्याचे वजन चौरस मीटरला साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते. कचेरीतल्या झेरॉक्सचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. कलाकागद एका कोपऱ्याला धरला तरी वाकत नाही. त्यावरून बोट फिरवले तर बारीक दाणा लागतो आणि प्रकाशासमोर धरला तर पलीकडचे काही दिसत नाही. उत्तम प्रतीचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्याच्या एका बाजूला शाई धरून ठेवणारा लेप दिलेला असतो. इंकजेट यंत्र त्या लेपावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब सोडते आणि त्या थेंबांच्या मांडणीतून मुखवटा, वाडा, देऊळ किंवा गेलेल्या आजोबांचा चेहरा उभा राहतो.

असा कागद कसा पारखायचा, हा प्रश्न बाजारातला वाटतो. पण पारखणारा नेमके काय पारखत असतो, असे विचारले की तो तत्त्वज्ञानात शिरतो. चित्र कागदावर असते की कागद हाच चित्राचा एक अंश असतो? रूप स्वतंत्र आहे आणि कागद म्हणजे त्याने पांघरलेले वस्त्र, असे मानले तर कोणताही कागद चालावा. रूप आणि द्रव्य वेगळे काढता येत नाहीत, असे मानले तर कागदाची निवड ही चित्राच्या खरेपणाचीच निवड ठरते. मूर्ती आणि तिच्यात आवाहन केलेले दैवत यांच्याविषयी हाच प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आहे. बडोद्यात त्याला एक खास संदर्भ मिळतो. चित्राच्या भूमीविषयीचे जुने संस्कृत ग्रंथ याच शहरातून छापून बाहेर पडले, आणि देवांची चित्रे छापून घरोघर पोचवण्याच्या कल्पनेची मुळेही काही अंशी इथेच आहेत.

संस्कृत चित्रशास्त्रात ज्या पृष्ठावर चित्र काढायचे त्याला ‘भूमी’ म्हणतात, आणि ते पृष्ठ तयार करण्याच्या कामाला ‘भूमिबंधन’. भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त भूमिबंधन हे चित्राच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे. रेषा आणि रंग यांच्या ओळीत ते बसवलेले आहे, चित्र सुरू होण्याआधीची किरकोळ तयारी म्हणून बाहेर ठेवलेले नाही. हा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केला आणि तो १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये निघाला. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’चा पहिला भाग त्याच मालेत १९२५ साली जी. के. श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने आला. म्हशीचे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवून त्याचा ‘वज्रलेप’ करावा, तो पांढऱ्या मातीत कालवावा आणि गुळगुळीत भिंतीवर त्याचे तीन थर द्यावेत, असा विधी ‘मानसोल्लासा’त आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडाची प्रियबाला शाह यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९५८ मध्ये बडोद्यातूनच प्रकाशित झाली. त्यातले चित्रसूत्र विटांची पूड, माती, गुग्गुळ अशा द्रव्यांनी भिंत कशी बांधावी ते सांगते, आणि नीट बांधलेली भिंत शंभर वर्षांनीही नासत नाही अशी ग्वाही देते.

आजच्या कागदाचा लेप या विधीपासून फार दूर नाही. मॅट कलाकागदावर बहुधा सिलिकाची अत्यंत बारीक, सच्छिद्र पूड एका चिकट द्रव्यात बांधून पसरलेली असते. पांढरी माती आणि सरस, तीच जोडी. सिलिकाच्या छिद्रांत शाईतले पाणी शोषले जाते आणि रंगाचा कण वरच अडकतो. लेप फार सैल असेल तर थेंब पसरतो आणि पापण्यांची रेषा फिसकटते. फार घट्ट असेल तर शाई वर तरंगत राहते आणि हात लागताच पुसली जाते. म्हणून कागद पारखताना पहिली नजर त्याच्या जाडीकडे किंवा नावाकडे न जाता लेपाकडे जायला हवी. जाडी ही बहुतेकदा हाताला भुलवणारी गोष्ट असते. जाड कागदाने चौकटीत ताठ राहावे, ओलाव्याने लहरू नये, एवढीच त्याच्या जाडीकडून रास्त अपेक्षा. चित्राचे रूप ठरते ते वरच्या लेपात.

कागदाच्या पोटात काय आहे ते मात्र आयुष्य ठरवते. लाकडाच्या अशुद्ध लगद्यात लिग्निन उरलेले असते. प्रकाश आणि हवा लागून ते पिवळे पडते. कागदातले आम्ल तंतू तोडत राहते आणि काही दशकांत कडा बिस्किटासारख्या मोडू लागतात. कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो, आणि त्यात चुनखडीचा अंश मिसळला तर बाहेरून येणारे आम्लही काही काळ निष्प्रभ होते. बडोद्याच्या हवेत याची कसोटी लागते. जून ते सप्टेंबर दमट हवा, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारे ऊन, आणि विश्वामित्रीचा पूर. २०१९ आणि २०२४ साली तिचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले. डाय शाईचे चित्र भिजले की रंग वाहून जातो. पिगमेंट शाईचे कण विरघळत नसल्याने ते बरेचसे जागेवर राहतात, पण लेप फुगून सोलला गेला तर तेही वाचत नाहीत.

पारख करण्याची रीत साधी आहे आणि ती यंत्राशिवायही बरीचशी साधते. कोऱ्या कागदाचा तुकडा हलक्या हाताने झटकून काळ्या कापडावर धरावा. तंतूंची भुकटी पडली तर छापताना तीच भुकटी शाईखाली येईल आणि नंतर गळून पांढरे ठिपके सोडील. कागद गुंडाळी सोडून सपाट होतो का ते पाहावे. वर वळलेली कड यंत्राच्या शाईमुखाला घासते. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या वीस-एकवीस पायऱ्या छापाव्यात, त्या कागदासाठी केलेली आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवणारी फाइल, लावून. शेवटच्या गडद पायऱ्या एकमेकींत बुडतात की वेगळ्या ओळखू येतात, ते दिवसाच्या उजेडात, एक रात्र वाळल्यानंतर बघावे. ताज्या छपाईवर मत देण्याची घाई पुष्कळांना नडते.

मॅट कागदाचा काळा रंग कधीही पूर्ण काळा नसतो. चकचकीत बॅरायटा कागदावर काळ्याची घनता २.२ च्या पुढे जाते. मॅट कापसी कागदावर ती १.६ ते १.७ च्या आसपास थांबते. हे आकडे लघुगणकी आहेत, म्हणजे मॅटवरचा काळा तिपटी-चौपटीने जास्त प्रकाश परत पाठवतो. बडोद्यातल्या तांबेकर वाड्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या भित्तिचित्रांचे छायाचित्र अशा कागदावर छापले तर कोपऱ्यातला अंधार राखेसारखा दिसतो. अंगणातल्या रांगोळीचे किंवा चुन्याच्या भिंतीचे छायाचित्र त्याच कागदावर जिवंत होते, कारण तिथे गडद रंगाला फारसे काम नाही आणि कागदाचा दाणा भिंतीच्या दाण्याशी बोलतो. एकच कागद सर्व चित्रांसाठी उत्तम असू शकत नाही. भूमी चित्राच्या स्वभावाला जुळली पाहिजे, या जुन्या आग्रहाला इथे पुरेपूर अर्थ आहे.

सर्वात गंभीर प्रश्न पांढऱ्या रंगाचा आहे. अनेक कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर नावाचे रसायन असते. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषते आणि त्यांच्या बदल्यात निळसर प्रकाश सोडते. कपड्याला निळीचे बोट लागावे तसा कागद शुभ्र वाटतो. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी अंधारात मारली तर असा कागद निळा उजळतो आणि शुद्ध कापसाचा कागद मंद, दुधट राहतो. वेदान्तात आणि सांख्यात स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त नेहमी येतो: लाल फूल जवळ ठेवले की स्फटिक लाल भासतो, पण ती लाली त्याची नसते. फूल ही उपाधी. ब्राइटनरच्या कागदाचे शुभ्रपण असेच उपाधीने आलेले आहे. खिडकीच्या उजेडात, जिथे अतिनील किरण आहेत, तिथे ते दिसते. अतिनील अंश जवळजवळ नसलेल्या एलईडी दिव्याखाली किंवा किरण अडवणाऱ्या काचेमागे ते नाहीसे होते. शिवाय हे रसायन प्रकाशात हळूहळू थकते आणि काही वर्षांनी खालचा पिवळसरपणा उघडा पडतो. चेहऱ्याच्या छायाचित्रात सर्वात उजळ जागी, कपाळावर, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, शाई जवळजवळ नसते. तिथे दिसतो तो कागदच. तेव्हा कागदाचे पांढरेपण बदलले की त्या माणसाची नजर बदलते. ब्राइटनरच्या कागदावर कोणाचा चेहरा छापून तो टिकाऊ म्हणून देणे हे त्या चेहऱ्याशी केलेले असत्य आहे, मग ते कितीही देखणे दिसो.

विक्रीच्या पत्रकांवर मात्र शंभर किंवा दोनशे वर्षांचे आकडे असतात. चित्रसूत्रातली शंभर वर्षे आणि ही शंभर वर्षे सारखी दिसली तरी त्यांचे प्रमाण वेगळे आहे. चित्रसूत्र परंपरेच्या अनुभवाने बोलते. नैयायिकाच्या भाषेत ते आप्तवाक्य. पत्रकावरचा आकडा हे अनुमान असते: प्रखर दिव्याखाली काही महिने ठेवून किती रंग उडाला ते मोजतात आणि रोज १२ तास ४५० लक्स अशासारखा प्रकाश गृहीत धरून वर्षांचा हिशेब काढतात. अनुमान चूक नसते, पण ते त्याच्या अटींपुरतेच खरे असते. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत, गॅसच्या शेगडीची वाफ, धूप आणि समईची काजळी या अटी त्या हिशेबात धरलेल्या नसतात.

द्रव्याच्या प्रश्नापाठोपाठ खरे-खोटेपणाचा प्रश्न येतो. नवव्या शतकातल्या काश्मिरातल्या श्रीशंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला होता. चित्रातला घोडा पाहून होणारे ज्ञान खरे म्हणता येत नाही, खोटे म्हणता येत नाही, ते संशयही नाही आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ असे निव्वळ सादृश्यही नाही. त्याची जातच निराळी. ही चर्चा आज वाचता येते ती अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’मुळे, आणि त्या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड बडोद्याच्या याच मालेत १९२६ मध्ये निघाला. अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत यांचा आक्षेप त्यापुढे नोंदवला आहे. शेंदूर वगैरे रंग गाईला प्रकट करत नाहीत. गाईच्या अवयवांच्या रचनेसारख्या रचनेत ते मांडलेले असतात, एवढेच तिथे आहे. इंकजेट छपाई भिंगाखाली पाहिली की भट्टतौतांचे म्हणणे डोळ्यांना दिसते: निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके, मध्ये मोकळा कागद. तिथे डोळा नाही, ओठ नाही. तरीही भिंग बाजूला केले की आजी ओळखू येते. दोघेही आपापल्या अंतरावरून बरोबर आहेत, आणि कागद पारखणाऱ्याला दोन्ही अंतरांवर उभे राहावे लागते.

बडोद्यात या प्रश्नाने एकदा सार्वजनिक रूप घेतले. सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मा यांना १८८८ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रांचे काम दिले. त्याआधी १८८४ मध्ये बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सुचवले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, कारण इतकी मागणी एका हाताने पुरी होणार नाही. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा प्रेस उभा राहिला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी आणि सरस्वती खोलीखोलीत पोचल्या. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्यांच्या भिंतीवरही देव आला. ही त्या छपाईची मोठी पुण्याई आहे आणि ती कागदाच्या कमअस्सलपणाने कमी होत नाही. त्या काळच्या ओलिओग्राफ नावाच्या छापील चित्रांवर तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वार्निश चढवत आणि कॅनव्हासच्या विणीचा ठसा उठवत. कागदाने कापडाचे सोंग घेतले होते. आजही कॅनव्हासच्या पोताचा किंवा मुद्दाम खडबडीत केलेला कागद छायाचित्राला चित्रकाराच्या हाताचा आव आणून देतो. पोत जिथे चित्रातल्या वस्तूशी संवाद करतो तिथे तो योग्य. जिथे छायाचित्र असण्याची लाज झाकायला तो आणलेला असतो, तिथे तो भूमीचा धर्म सोडतो. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे शिकले आणि पुढे काही काळ रविवर्मा प्रेसमध्येही होते. छापलेल्या देवाला पडद्यावर हलवणाऱ्या माणसाला छायाचित्राची लाज कधी वाटली नाही.

कागदावर छापलेला देव पूजेला चालतो का, याला परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे. भागवताच्या एकादश स्कंधात मूर्तींचे आठ प्रकार सांगितले आहेत: पाषाणाची, लाकडाची, धातूची, मातीच्या लेपाची, रेखलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. रेखलेली म्हणजे ‘लेख्या’ मूर्ती या यादीत बरोबरीने बसलेली आहे. एकादश स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, ती शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पुरी झाली. तेव्हा ही विचारणा मराठी घरांनाही साडेचारशे वर्षे ठाऊक आहे. त्याच प्रकरणात पुढे एक बारीक नियम येतो. मूर्तीला स्नान घालावे, पण लेपाच्या आणि रेखलेल्या मूर्तीला घालू नये, तिला फक्त पुसून घ्यावे. देव सर्वत्र एकच मानला तरी उपचार ठरतो तो द्रव्याकडे पाहून. शास्त्राने इथे रंगाला आणि भूमीला जपले आहे. भक्तीने त्यांच्यावर पाणी ओतू नये, अशी ही काळजी आहे. त्याच प्रकरणात चल मूर्तीच्या बाबतीत आवाहन आणि विसर्जन ऐच्छिक ठेवले आहे. मूर्ती जीर्ण झाली तर दुसरी येते. दैवताचे आयुष्य कागदाच्या आयुष्याला बांधलेले नाही.

म्हणून देवघरासाठी शंभर वर्षांचा कागद मागण्याचे कारण नाही. उलट जाड मॅट कापसी कागद तिथे अडचणीचा. पिगमेंट शाई त्याच्या उघड्या पृष्ठावर बसलेली असते, ओल्या बोटाने गंध लावले की कपाळाबरोबर रंगही निघतो, आणि कुंकवाचा कण दाण्यात रुतला की निघत नाही. पुसणे हा एकमेव उपचारही त्याला सोसत नाही. काच लावली तर ज्या पोतासाठी कागद घेतला तो काचेमागे हरवतो. देवघरात साधा लेपित फोटोकागद काचेआड ठेवावा, वर्षा-दोन वर्षांनी धुराने काळवंडला की बदलावा. मृतांच्या तसबिरीचे थोडे वेगळे आहे. तिला हार घालतात, श्राद्धाच्या दिवशी गंध लावतात, पण ती बदलण्याची रीत नाही. एकच तसबीर दोन-तीन पिढ्या भिंतीवर राहते. तिच्यासाठी ब्राइटनर नसलेला कागद आणि पिगमेंट शाई हवी, काच हवी, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी हवी. दमट हवेत काचेला चिकटलेला चेहरा सोडवताना फाटतो.

नाशवंत रूपाला टिकाऊ भूमी द्यावी का, हा प्रश्न बडोद्यात ज्योती भट्ट यांच्या कामाने समोर आणला. १९५० मध्ये सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत ते शिकले, चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून नावारूपाला आले, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांतल्या भिंतीवरच्या आणि जमिनीवरच्या लोकचित्रांची छायाचित्रे काढत राहिले. ती चित्रे काढणाऱ्या बायका सणाआधी भिंत पुन्हा सारवतात. रांगोळी दुसऱ्या दिवशी केरसुणीने लोटली जाते. त्या चित्रांचा धर्मच पुसले जाण्याचा आहे. मग त्यांचे छायाचित्र शतकभर टिकणाऱ्या कापसी कागदावर छापणे त्या धर्माविरुद्ध जाते का? जात नाही, कारण छायाचित्र ही रांगोळी नव्हे. ते रांगोळीची साक्ष आहे. रांगोळीने जावे हे योग्य, पण साक्षीदाराने आपली जबानी बदलू नये. किरमिजी उडून हिरवट झालेले, पांढरे पिवळे पडलेले छायाचित्र अजून दिसत असते, म्हणूनच ते धोक्याचे: त्या भिंतीवर गेरूच नव्हता अशी खोटी साक्ष ते देत राहते. पूजेच्या चित्राला टिकाऊपणा माफ आहे. साक्षीच्या चित्राला तो बंधनकारक आहे.

मूळ प्रश्न याने पुष्कळसा सुटतो. छायाचित्राची डिजिटल फाइल रूपासारखी वाटते, अक्षय आणि कितीही वेळा अवतरणारी. पण फाइल कोणी पाहत नाही. तीच फाइल त्याच नावाच्या नव्या कागदावर छापली तरी लेपाची घडण किंवा पांढऱ्याची छटा किंचित बदललेली असू शकते, आणि दोन प्रती शेजारी ठेवल्या की कपाळाचा उजेड वेगळा दिसतो. रूप कागदावर उतरताना कागदाचे काहीतरी घेऊनच उतरते. म्हणून जाणते छपाईकार साक्षीच्या प्रतीच्या मागच्या कडेला, चित्राचा भाग टाळून, मऊ पेन्सिलीने कागदाचे नाव, शाईचा प्रकार आणि छपाईची तारीख लिहून ठेवतात. पेनची शाई कालांतराने पुढच्या बाजूला उतरू शकते, शिसे उतरत नाही.